सायकलस्वाराचा श्रमपरिहार : अन्न आणि पूरके

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, दिल्लीतील मराठ्यांचा इतिहास असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यांच्या पंक्तीला सायकलस्वाराच्या दुखऱ्या मांड्यांचा विषय आणून बसविणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मंडळ ज्या माणसांचे आहे, त्यांच्या दैनंदिन जीवनात जे घडते त्याची दखल मंडळाने घ्यावी, असे आमचे मत आहे. आणि गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या जीवनात सायकल पुन्हा अवतरली आहे, ही गोष्ट डोळ्यांआड करण्याजोगी नाही. एके काळी या राजधानीत सायकल हे कारकुनाचे वाहन होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास सचिवालयाच्या दिशेने सायकलींचा लोंढा लागत असे. पुढे स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल जिन्याखाली गेली. आज तीच सायकल गिअर लावून, शिरस्त्राण घालून, व्यायामाचे साधन म्हणून परत आली आहे. पन्नाशी उलटलेले आपले अनेक बंधू आणि भगिनी रविवारी पहाटे पाच वाजता कर्तव्य पथावर किंवा नोएडाच्या रुंद रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत.

सायकलीमागोमाग घरात आणखी एक वस्तू आली आहे. ती म्हणजे प्लास्टिकचा भला मोठा डबा. त्यात भुकटी असते, भुकटीत एक चमचा पुरलेला असतो आणि डब्यावर पीळदार दंडाचे चित्र असते. सायकल चालवून आल्यावर ती भुकटी पाण्यात वा दुधात कालवून प्यायल्यास स्नायूंचा थकवा त्वरित दूर होतो, असे सांगितले जाते. आम्हांस वारंवार विचारण्यात येणारा प्रश्न असा की, 'सायकल चालवून आल्यावर काय घ्यावे?' या प्रश्नातील क्रियापदाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. 'काय खावे' असे कोणी विचारत नाही. चहाचा अपवाद सोडला तर अन्न खावे आणि औषध घ्यावे, असा आपल्या भाषेचा साधा विवेक आहे. सायकल चालवून दमणे हा रोग नाही. मग त्यावर काही 'घेण्या'ची निकड आपणांस का भासू लागली, हाच आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

आम्ही वैद्य नाही, शास्त्रज्ञही नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे एक नोकर. मात्र सरकारी नोकरीने आम्हांस एक सवय लावली आहे. पुढे आलेल्या कोणत्याही प्रस्तावास दोन प्रश्न विचारायचे : गरज काय आहे, आणि आधार काय आहे? या सभागृहातील निम्म्या मंडळींना पुरवणी मागणी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे कारण नाही. मूळ अंदाजपत्रकात तरतूद केलेली असते. ती अपुरी पडली, हे आकड्यांनी दाखवावे लागते. मगच पुरवणी मागणी संसदेपुढे जाते. पूरक आहाराचेही नेमके तसेच आहे. ज्याने मूळ जेवणाचा हिशेब कधी मांडला नाही, त्याने पूरकाची मागणी करणे म्हणजे अंदाजपत्रकावाचून पुरवणी मागणी आणणे होय.

प्रथम थोडा इतिहास पाहू. स्नायू हे मांसाचे, म्हणजे प्रथिनांचे बनलेले असतात. तेव्हा काम करताना ते प्रथिनेच जाळीत असले पाहिजेत, असे एकोणिसाव्या शतकातील थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या नावाचा मांसाचा अर्कही त्या काळी बाजारात होता. या मताची परीक्षा १८६५ साली झुरिकच्या दोन प्राध्यापकांनी मोठ्या गमतीदार रीतीने केली. फिक आणि विस्लिसेनुस ही त्यांची नावे. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले. पिठूळ पदार्थ, चरबी आणि साखर यांवरच ते राहिले. आणि स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाचा पर्वत ते चढून गेले. चढण होती १,९५६ मीटरची. चढताना आणि नंतरही त्यांनी आपले मूत्र जमा करून त्यातील नायट्रोजन मोजला, आणि त्यावरून शरीरातील किती प्रथिने खर्ची पडली, हे काढले. आपले शरीर इतक्या उंचीवर नेण्यास जे काम करावे लागले, ते त्या प्रथिनांतून निघणे सर्वथा अशक्य होते. श्रमाचे मुख्य इंधन पिष्ट आणि मेद हेच आहे, हे त्यावरून दिसून आले. या गोष्टीस दीडशेहून अधिक वर्षे झाली; परंतु डब्यावरील चित्र अजून लीबिग यांचेच मत सांगत आहे.

आता सायकल चालविल्यावर शरीरात घडते तरी काय, ते पाहू. तीन-चार तासांच्या फेरीनंतर तीन गोष्टींची तूट येते. पहिली तूट इंधनाची, दुसरी पाणी व मीठ यांची आणि तिसरी स्नायूंच्या तंतूंच्या डागडुजीची.

यांपैकी इंधनाची तूट सर्वांत मोठी. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांची साखर होते आणि तिचा साठा ग्लायकोजेन या रूपाने स्नायूंत व यकृतात होतो. स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, एवढीच ही शिल्लक असते. ती संपत आली की पाय शिशासारखे जड होतात. या साठ्यासंबंधीचा एक प्रसिद्ध प्रयोग सायकलीवरच झाला आहे. स्वीडनमधील बेर्गस्ट्रोम आणि हुल्टमन या दोन संशोधकांनी १९६६ साली तो स्वतःवर केला. एकाच व्यायाम-सायकलीच्या दोन बाजूंस दोघे बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारले. दुसरा पाय विश्रांतीस ठेवला. पाय पार थकल्यावर त्यांनी तीन दिवस पिष्टमय अन्न भरपूर खाल्ले आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे कण काढून तपासले. ज्या पायाने श्रम केले होते, त्यात विश्रांती घेतलेल्या पायाच्या दुपटीहून अधिक साठा झाला होता. माणूस तोच, रक्त तेच, अन्नही तेच. तरीही भरपाई जेथे श्रम झाले तेथेच अधिक झाली. श्रमलेल्या स्नायूला आपली तूट ठाऊक असते. आपण फक्त अन्न पुरवायचे आणि अवधी द्यायचा. नेहमीच्या पुरेशा जेवणाने ही भरपाई साधारणपणे एका दिवसात होते. ज्यांना त्याच दिवशी काही तासांत पुन्हा सायकलीवर बसायचे आहे, त्यांनी मात्र घाई करावी. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तासाला १ ते १.२ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पहिले चार तास खावेत, असे क्रीडावैद्यकाचे सांगणे आहे. साठ किलोच्या माणसास हे तासाला ६० ते ७० ग्रॅम, म्हणजे दोन मोठी केळी आणि गुळाचा एक खडा. रविवारची फेरी करून सोमवारी कचेरीत बसणाऱ्यांना या घाईचे काहीच प्रयोजन नाही.

पाण्याच्या तुटीविषयी थोडक्यात सांगतो. निघताना आणि परतल्यावर वजन करावे. जितके किलो घटले त्याच्या सव्वा ते दीड पट लिटर पाणी पुढील काही तासांत सावकाश प्यावे आणि त्याबरोबर मीठ पोटात जाऊ द्यावे. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे, जिरे घातलेले ताक ही आपली जुनी पेये या कामास उत्तम आहेत. वजन घटले नसतानाही बळेबळे पाणी पीत राहणे हे मात्र धोक्याचे आहे. त्याने रक्तातील मीठ पातळ होते.

तिसरी बाब डागडुजीची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या दुग्धाम्ल साचल्यामुळे, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक ते आम्ल श्रम थांबल्यावर तास-दीड तासात ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे दुखणे हे तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांचे आणि त्याभोवतीच्या सुजेचे असते. आणि ते मुख्यत्वे स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने होते, जसे डोंगर उतरताना होते. सायकल चालविताना स्नायू आखडत असताना जोर लागतो. म्हणून सायकलस्वाराचे दुखणे धावणाऱ्याच्या मानाने सौम्यच असते. नव्याने आरंभ करणाऱ्यांनी मात्र एक खूण ध्यानी ठेवावी. अतिश्रमानंतर मांड्या असह्य सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय न करता तत्काळ इस्पितळ गाठावे. त्या वेळी स्नायूंचा चुरा मूत्रपिंडाकडे चाललेला असतो.

डागडुजीसाठी प्रथिने लागतात, हे निर्विवाद आहे. किती लागतात, एवढाच प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम असे प्रमाण दिले. नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यास १.२ पासून २ ग्रॅमपर्यंत, असे क्रीडापोषणाचे तज्ज्ञ म्हणतात. साठ किलोच्या सायकलस्वारास दिवसाला ७२ ग्रॅम धरले तरी फेरीनंतरच्या एका खाण्यात २० ग्रॅमच्या आसपास पुरतात. पेलाभर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १० हून थोडी अधिक, आणि सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्मी. म्हणजे पेलाभर दूध आणि दोन अंडी, किंवा पेलाभर दूध आणि पन्नास ग्रॅम सत्तू, की काम झाले. सत्तू हा बिहारचा. पण दिल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तो मिळतो, आणि बिहारी बांधवांनी राजधानीस दिलेली ती एक मोठी देणगी आहे. डब्यातील चमचाभर भुकटीत २४-२५ ग्रॅम असतात, हे खरे. परंतु ती भुकटी तरी कशाची? दूध नासवून चीज करताना जे पाणी उरते, त्यातील प्रथिने वेगळी काढून वाळविलेली असतात. श्रीखंडासाठी चक्का बांधला की फडक्यातून जी निवळ गळते, तिची ही दूरची बहीण. ती उत्तम प्रतीची प्रथिने आहेत, सहज पचतात, यात शंका नाही. आमचा आक्षेप तिच्या गुणांवर नाही; तिच्यावाचून चालणार नाही, या समजुतीवर आहे.

दिल्लीचे सायकलस्वार रविवारी पन्नासेक किलोमीटर तुडवून मुरथलला जातात आणि तेथील ढाब्यावर लोण्याचा गोळा घातलेले पराठे, दही आणि चहा यांचा समाचार घेतात, हे आपण जाणताच. डबेवाल्या संप्रदायातील मंडळी याकडे तुच्छतेने पाहतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील मोंटाना विद्यापीठाचा एक प्रयोग सांगतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अकरा जणांना नव्वद मिनिटे सायकल चालवावयास लावून स्नायूंतील साठा रिता केला. मग एका वेळी त्यांना खेळाडूंसाठी विकली जाणारी पेये व वड्या दिल्या. दुसऱ्या वेळी तितकेच पोषण असलेले बटाट्याचे तळलेले काप, बर्गर आणि तत्सम बाजारी खाणे दिले. चार तासांनी स्नायूंतील साठा तपासला आणि वीस किलोमीटरची शर्यत लावली. दोन्ही वेळा साठाही सारखाच भरला आणि शर्यतीचा वेळही सारखाच आला. बटाट्याचे तळलेले काप रोज खावेत, असा याचा अर्थ नव्हे. स्नायू वेष्टन पाहून भरपाई करीत नाहीत, एवढाच आहे. इंडियाना विद्यापीठात २००६ साली नऊ सायकलपटूंवर झालेल्या प्रयोगात चॉकलेट घातलेले दूध तयार क्रीडापेयांच्या तोडीस तोड ठरले. त्या प्रयोगास दुग्धव्यावसायिकांच्या संस्थेचे साहाय्य होते, हेही सांगितले पाहिजे. आधार विचारायचा, तर तो सर्वांनाच विचारला पाहिजे.

प्रथिनांखेरीज बाजारात आणखी पुष्कळ वस्तू आहेत. त्यांचा धावता परामर्श घेतो. बीसीएए या नावाने तीन अमिनो आम्लांची भुकटी विकली जाते. नवे प्रथिन घडविण्यास सर्वच आवश्यक अमिनो आम्ले लागतात. तीनच पुरविणे म्हणजे विटा आणि चुन्यावाचून नुसता मुकादम पाठविणे होय. क्रिएटिन हे यांतील सर्वाधिक अभ्यासलेले पूरक. अल्पकाळच्या जोरकस श्रमांत त्याचा उपयोग दिसतो. मात्र त्याने अंगात पाणी धरून वजन थोडे वाढते, जे घाट चढणाऱ्यास नकोच असते. आणि रक्तातील क्रिएटिनिनचा आकडाही वाढतो, म्हणून ते घेणाऱ्याने रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे सांगावे. जीवनसत्त्व क आणि ई यांच्या मोठ्या मात्रांविषयी जर्मनीत झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विचार करावयास लावतो. रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई घेऊन चार आठवडे व्यायाम करणाऱ्यांत, व्यायामाने इन्शुलिनच्या कार्यात जी सुधारणा व्हावयास हवी ती झालीच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत ती झाली. श्रमाने शरीरात होणारा क्षोभ हाच सुधारणेचा इशारा असतो. गोळ्यांनी तो इशाराच दडपला गेला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. आवळा, पेरू, संत्रे खाण्यास यामुळे काहीच बाध येत नाही. त्यांत एवढ्या राक्षसी मात्रा नसतात. हळदीच्या अर्काने आणि आंबट चेरीच्या रसाने दुखणे थोडे कमी झाल्याचे काही लहान प्रयोग आहेत. पण त्यांवर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. सर्वांत घातक सवय वेदनाशामक गोळीची. घामाने अंगातील पाणी आटलेले असताना ती गोळी घेतल्यास मूत्रपिंडावर भार पडतो. गोळी घेऊन सायकलीवर बसण्याची जी चाल पडत आहे, ती तातडीने मोडली पाहिजे.

तर मग पूरके सर्वथा त्याज्य आहेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्याला खरी उणीव आहे, त्याला पूरक हेच औषध. आपल्या एक ज्येष्ठ भगिनी, पूर्ण शाकाहारी, सायकल चालविल्यावर दोन-दोन दिवस गळून जात. त्यांनी डबा आणला नाही, रक्त तपासले. बी-बारा जीवनसत्त्व फारच कमी निघाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शने झाली आणि काही आठवड्यांत त्यांना फरक जाणवू लागला. बी-बारा, ड जीवनसत्त्व, स्त्रियांच्या बाबतीत लोह, या उणिवा आपल्या समाजात सर्रास आढळतात आणि त्या तपासणीने कळतात. दुसरे म्हणजे वय. साठीकडे झुकलेल्या माणसाचे स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात. त्यास एका खाण्यात २० ऐवजी २५ ग्रॅमच्या आसपास लागतात. दात, भूक वा पचन यांमुळे तेवढे खाणे होत नसेल, तर भुकटीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. तिसरे कारण सोयीचे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करावयाची असते. नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. असल्या पराक्रमात रस्त्याकडेला पान मांडून बसता येत नाही. तेथे बाटलीतील आहार उपयोगी पडतो. आपली रविवारची फेरी त्या जातीची नाही, हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे.

आणि आपल्या ताटाकडेही तितक्याच निष्ठुरपणे पाहिले पाहिजे. घरचे अन्न म्हणजे पुरेसे अन्न, हा भाबडा समज आहे. भाताचा डोंगर, चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि डाळ बुडाशी शोधावी लागेल अशी पातळ आमटी, हे अनेक मराठी घरांतील ताट प्रथिनांच्या हिशेबात लंगडे पडते. त्यावर उपाय महाग नाही. आमटी घट्ट करावी. मटकीची वा मुगाची उसळ रोजची करावी. थालीपिठाबरोबर दह्याची वाटी असावी. पिठले केवळ अडीअडचणीचे मानू नये.

आमच्या फेरीत एक तरुण आहे. पहिलीच नोकरी, घर दूर सोलापूरकडे, येथे भाड्याची खोली. त्याच्या खोलीत तीन डबे होते आणि पगाराचा बराचसा भाग त्यांत जात होता. आम्ही त्याला एवढेच सुचविले की, आठ दिवस आपण काय खातो ते वहीत लिहावे. वहीत आढळले ते असे : सकाळची न्याहारी कोऱ्या चहावर, दुपारी कचेरीच्या उपाहारगृहातील छोले-भटुरे, आणि खर्च वाचावा म्हणून खानावळीचा रात्रीचा डबा बंद. जेवण बंद करून त्या पैशांत त्याने पूरक आणले होते! रात्रीचा डबा पुन्हा सुरू झाला, सकाळी चार अंडी व दूध आले आणि तीनांपैकी दोन डबे गेले. एक त्याने ठेवला आहे. आम्ही त्यास हरकत घेतलेली नाही. पैशांची उधळण आम्हांस तितकी टोचली नाही. घरापासून दूर असलेला मुलगा उपाशी निजत होता, आणि आपण पौष्टिक आहार घेतो अशी त्याची समजूत होती, हे मात्र आम्हांस फार लागले. आपले मंडळ ज्या परमुलखात आलेल्या तरुणांसाठी उभे आहे, त्यांच्यांतलाच तो एक.

आता डब्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न. केरळातील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-भुकट्यांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २५ भुकट्यांत प्रथिनांचे प्रमाण लेबलाप्रमाणे नव्हते. पाचांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. काहींत कीटकनाशकांचा अंश होता. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीत शरीर कमाविण्यासाठी प्रथिन-पूरके टाळावीत, असा स्पष्ट सल्ला आहे. कायदा नाही असे नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा अधिनियमाखाली आरोग्यपूरकांसाठी २०१६ साली वेगळे विनियम झाले. त्यानुसार डब्यावर ते आरोग्यपूरक असल्याचा, औषधी उपयोगासाठी नसल्याचा आणि दैनिक मात्रेचा उल्लेख असावा लागतो; चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. आम्हां सरकारी माणसांना कागद वाचल्यावाचून सही न करण्याची शिस्त असते. तीच डबा घेताना पाळावी. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि नित्य औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज झाकणच उघडू नये.

ज्यांची मुले स्पर्धेत उतरतात, त्यांना आणखी एक सावधगिरीची सूचना. २०१० सालच्या फ्रान्सच्या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत स्पेनचा अल्बर्टो कोंटाडोर विजयी झाला. त्याच्या मूत्रात क्लेनब्युटेरॉल या निषिद्ध द्रव्याचा अत्यल्प अंश सापडला. दूषित मांस खाण्यात आले, असे त्याचे म्हणणे. क्रीडा लवादाने फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल दिला. समोर आलेल्या शक्यतांपैकी दूषित पूरक पोटात गेले असण्याची शक्यता लवादास सर्वाधिक वाटली. तरीही विजेतेपद गेले आणि दोन वर्षांची बंदी आली. कारण खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा हा नियम आहे. आपल्या देशातही २०२२ साली उत्तेजक-विरोधी कायदा झाला आहे. यमुनेकाठच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील धावपट्टीवर सराव करणाऱ्या एखाद्या मराठी मुलाचे भवितव्य एका अनोळखी डब्याने धुळीस मिळू नये, याची काळजी त्याच्या आईबापांनीच वाहिली पाहिजे.

समारोपादाखल एवढेच. सायकल चालवून आल्यावर प्रथम पाणी आणि मीठ. तासा-दोन तासांत पोटभर, डाळ-दुधाने सकस असे जेवण. रात्री सात-आठ तासांची झोप. आणि कठीण फेरीनंतर एक दिवस हलका. हे मूळ अंदाजपत्रक. ते महिनाभर प्रामाणिकपणे अंमलात आणावे. त्यानंतरही थकवा राहिला, तर रक्त तपासावे, डॉक्टरांस भेटावे आणि ते म्हणतील ती पुरवणी मागणी अवश्य मंजूर करावी.

जाता जाता कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त दर महिन्याच्या एका रविवारी सायकलस्वारांची फेरी मंडळाच्या वास्तूपाशी संपावी आणि तेथे त्यांना मुगाच्या डाळीची घट्ट खिचडी, मटकीची उसळ आणि ताक मिळावे. खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना यात विशेष अगत्याने बोलवावे. खर्चाचा अंदाज आम्ही तयार करून आणला आहे. तो फार नाही. पातेली मंडळाकडे आहेतच, आणि वाढपी म्हणून आमचे नाव पहिले घालावे.